सिएराचं मागचं सस्पेन्शन हलक्या किट कारला लावलं, आणि मागची बाजू परत परत उडायला लागते, त्याचा शोध

आधी एक सांगून टाकतो, सिएरा म्हणजे आपली टाटाची नव्हे, फोर्डची. १९८२ ते १९९३ इंग्लंड-युरोपात धो धो विकली गेलेली, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. इथे ब्रिटनमध्ये लोटस सेव्हन ह्या हलक्या, उघड्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीच्या घरी बांधायच्या गाड्यांना, म्हणजे किट कारना, वर्षानुवर्षं हीच डोनर म्हणून (म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे ती गाडी) फोडली गेली, कारण डिफ (डिफरन्शियल), ड्राइव्हशाफ्ट, हब, ब्रेक सगळं एकाच गाडीतून निघतं. मी कॉव्हेंट्रीला राहतो, घरामागे एका गाडीपुरतं गॅरेज आहे, त्यात तीन हिवाळे घालवून अशी एक गाडी उभी केली. डोनर सिएरा इस्टेट, म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेली. आणि गाडी रस्त्यावर आल्यापासून मागच्या सस्पेन्शनचा एकच त्रास चार वेळा चार रूपांत समोर आला. दर वेळी वाटायचं झालं आता, आणि पंधरा दिवसांत परत तेच. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण ह्या दुखण्यात माणूस पहिली गोष्ट जी करतो तीच चुकीची असते आणि मग पुढच्या सगळ्या चुका तिच्यावर रचल्या जातात.

लक्षणं सांगतो. गाडी उभी असताना मागून उंच दिसते, ढुंगण वर करून उभी असल्यासारखी. चाकं मागून बघितली तर वरच्या बाजूने बाहेर झुकलेली. रस्त्यातल्या जोडावरून किंवा मॅनहोलच्या झाकणावरून गेलं की मागून दणका बसतो आणि चाक क्षणभर रस्ता सोडतं, ते सीटमधून स्पष्ट कळतं कारण ह्या गाडीत तुम्ही मागच्या ॲक्सलच्या जवळजवळ पुढ्यातच बसलेले असता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओल्या रस्त्यावर वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू सुटायला बघते. हे शेवटचं लक्षण दिसलं की प्लीज गाडी चालवणं थांबवा आणि आधी कारण शोधा.

कारण समजायला आपल्याकडचा रिकामा टेम्पो आठवा. भरलेला टेम्पो सांगलीच्या रस्त्यावर कसा दमदार बसून जातो आणि माल उतरवून परत येताना तोच टेम्पो प्रत्येक खड्ड्यात कसा उडतो. पाटे तेच, शॉकअप तेच, फक्त वरचं वजन गेलं. किट कारमध्ये आपण नेमकं हेच करतो, फक्त कायमचं. सिएरा साधारण ११०० किलोच्या आसपासची, त्यात पाच माणसं आणि सामान धरून मागच्या स्प्रिंग ठरवलेल्या, इस्टेटच्या तर आणखी कडक. आणि त्या आपण लावतो सव्वासहाशे-साडेसहाशे किलोच्या गाडीला.

मी पहिली चूक काय केली तर उंची बघितली आणि स्प्रिंगचे दोन वेढे ग्राइंडरने कापले. गाडी छान बसली, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी चालवली तर आधीपेक्षा जास्त उडते. हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण दहातले आठ जण इथेच फसतात. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली लांब सळई. सळई जितकी लांब तितकी ती सहज पिळते. वेढे कापले म्हणजे सळई आखूड केली, म्हणजे स्प्रिंग बुटकी झाली आणि कडकही झाली. गाडीला हवी होती नरम स्प्रिंग, आणि आपण होती तीच आणखी कडक करून बसवली. शिवाय जॅक लावून गाडी उचलली तर चाक पूर्ण खाली लोंबल्यावर स्प्रिंग तिच्या बैठकीत सैल, हाताने फिरवता येते. एखाद्या उंचवट्यावर चाक हवेत गेलं आणि स्प्रिंग बैठकीतून सरकली तर काय, हा विचार करून त्या रात्री झोप लागली नाही. अशी गाडी परत रस्त्यावर न्यायची माझी तयारी नव्हती.

मग आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांनी आयुष्यात अशा पाच-सहा गाड्या बांधल्यात, ते बघायला आले आणि त्यांनी एकच विचारलं, गाडीचं वजन किती? मी म्हटलं साडेसहाशे असेल. ते म्हणाले, असेल नको, प्रत्येक चाकावर किती ते सांग. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथून खरी दुरुस्ती सुरू झाली.

वजन घरी करता येतं, महागडे काटे लागत नाहीत. बाथरूममधले साधे वजनकाटे आणा, एका काट्याला दीडशे-एकशेऐंशी किलोच्या वर झेपत नाही म्हणून मागच्या चाकाखाली दोन काटे, त्यावर आडवी जाड फळी, फळीच्या मधोमध चाक, दोन्ही आकड्यांची बेरीज करून फळीचं वजन वजा. चारही चाकं एकाच पातळीत हवीत, नाहीतर आकडे खोटे येतात. आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या ठेवा, हे विसरू नका, सिएरामध्ये एक माणूस म्हणजे काहीच नाही पण इथे एक माणूस म्हणजे गाडीच्या दहा टक्क्यांच्या वर. माझे आकडे, अर्धी टाकी पेट्रोल आणि मी बसलेला धरून: पुढे डावीकडे १६८, पुढे उजवीकडे १६०, मागे डावीकडे १८८, मागे उजवीकडे २०० किलो. एकूण ७१६.

ह्यातून स्प्रिंगच्या खालचं वजन काढायचं, म्हणजे चाक, टायर, ड्रम, हब, आर्मचा बाहेरचा अर्धा भाग, शाफ्टचा अर्धा. माझ्याकडे ते एका बाजूला साधारण ३८ किलो भरलं. म्हणजे स्प्रिंग प्रत्यक्षात उचलते ते सरासरी १५६ किलो. डोनरमध्ये हाच आकडा मी २३० च्या आसपास धरला.

आता मोशन रेशो, म्हणजे चाकाच्या हालचालीच्या मानाने स्प्रिंग किती दबते ते. सिएराचं मागचं सस्पेन्शन सेमी-ट्रेलिंग आर्मचं आहे, आर्म पुढच्या बाजूला दोन बूशवर (रबरी बिजागऱ्यांवर) तिरक्या रेषेत फिरतो आणि स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसते, चाकाच्या बरोबर वर नाही. त्यामुळे चाक जितकं उचललं जातं त्यापेक्षा स्प्रिंग कमी दबते. स्प्रिंग काढून टाका, आर्मखाली जॅक लावून चाक १०-१० मिमी वर न्या आणि दर वेळी स्प्रिंगच्या दोन बैठकांमधलं अंतर मोजा. माझ्याकडे चाक ५० मिमी वर गेलं की स्प्रिंग ३२ मिमी दबत होती, म्हणजे ०.६४. चाकाला जाणवणारा कडकपणा काढायला ह्या आकड्याचा वर्ग घ्यायचा, ०.४१. वर्ग का, तर एकदा जोर कमी होतो आणि एकदा हालचाल कमी होते, दोन्ही वेळा तोच गुणक लागतो. पुण्या-नाशिकच्या कॉलेजांतली बाजा स्पर्धेसाठी गाडी बांधणारी मुलं मला कधी कधी गणितं पाठवतात, त्यातही हा वर्ग घ्यायचा राहून गेलेला खूपदा दिसतो, आणि मग स्प्रिंग दीडपट-दुप्पट नरम मागवली जाते.

स्प्रिंगचा कडकपणा प्रेसमध्ये मोजला, खाली वजनकाटा ठेवून. एक लक्षात ठेवा, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो, लोखंडी पिंजऱ्याशिवाय हे करू नका आणि तोंड त्या रेषेत आणू नका. एक न कापलेली जोडी मित्राकडून मिळाली होती, ती १० मिमी दाबायला ५३ किलो लागले, म्हणजे ५२ न्यूटन प्रति मिमी. माझी कापलेली तेवढीच दाबायला ७० किलो, म्हणजे जवळपास ६९. चाकाशी हे अनुक्रमे २१ आणि २८ होतात.

ह्या आकड्यांचा अर्थ लावायला स्प्रिंगवरचं वजन सेकंदाला किती वेळा वरखाली होतं ते बघायचं. चाकाशी असलेला कडकपणा न्यूटन प्रति मीटरमध्ये घ्या, त्याला स्प्रिंगवरच्या किलोंनी भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ ने भागा. रोजच्या वापरातली साधी कार साधारण सव्वा-दीडच्या आसपास, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार दीड ते पावणेदोन, आणि दोनच्या वर गेलात की तुम्ही ट्रॅकच्या गाडीच्या प्रांतात, जिथे रस्ता सपाट असतो. माझ्या गाडीत न कापलेली स्प्रिंग १.८६ आणि कापलेली २.१४ देत होती. म्हणजे इंग्लंडच्या ठिगळ लावलेल्या गावरस्त्यांवर मी रेसिंगची मागची बाजू घेऊन फिरत होतो, तीसुद्धा पुढे १.५ ची नरम स्प्रिंग असताना. पुढचं-मागचं गणित असं फाटलं की गाडी झोपाळ्यासारखी डुलते. मागचा आकडा पुढच्यापेक्षा थोडा जास्त, दहाएक टक्के, ठेवायचा हे मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलंय, कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि मागच्या बाजूने झुलताना पुढच्या बाजूला गाठायचं असतं.

गणिताचा कंटाळा असेल तर शॉकअप काढा, मागची बाजू हाताने दाबून झुलवा आणि मोबाइलवर व्हिडिओ घेऊन दहा हिसके किती सेकंदात होतात ते मोजा. मी दोन्ही केलं. गणित म्हणालं २.१४, मोबाइल म्हणाला २.२. मला वाटलं मोजण्यातली चूक असेल, सोडून दिलं. ते सोडायला नको होतं, त्याकडे येतो.

तर मागे १.६ आणायचं ठरवलं. उलटं गणित केलं तर चाकाशी १५.८ आणि स्प्रिंग ३८.५ न्यूटन प्रति मिमी. इथल्या दुकानात स्प्रिंग पाउंड प्रति इंचात विकतात, ते होतं बरोबर २२०. अडीच इंच आतल्या व्यासाची, आठ इंच लांबीची सरळ स्प्रिंग घेतली आणि मूळ बैठकीवर लेथवर खरादून घेतलेला ॲडॉप्टर, वर आट्यांची कॉलर म्हणजे उंची कमीजास्त करता येते. गाडीच्या वजनाखाली ही ६२ मिमी दबते, चाक ६० मिमी खाली लोंबलं तरी अजून २४ मिमी दबलेलीच राहते, म्हणजे बैठकीतून सुटायचा प्रश्न मिटला. ऑर्डर देण्याआधी हा लोंबण्याचा हिशोब प्रत्येकाने कागदावर करावाच.

बरेच जण इथे वेगळा रस्ता घेतात, मूळ स्प्रिंग फेकून देतात आणि शॉकअपच्या जागी कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग अंगावरच घातलेला शॉकअप, बसवतात. दिसायला सुटसुटीत आहे पण मला तो पटत नाही. मूळ गाडीत शॉकअपचे बोल्ट फक्त शॉकअपचा जोर घेतात, गाडीचं वजन नाही. कॉइलओव्हर लावला की अख्खी मागची बाजू त्या बोल्टवर आणि चासीच्या त्या कानावर टांगली जाते. करायचं असेल तर वरचा कान आणि खालचा बोल्ट दोन्ही त्या भाराला नव्याने करा, आणि मोशन रेशो परत मोजा, कारण शॉकअप मागे असतो, जागा बदलली की आकडा बदलला.

नवी स्प्रिंग बसली आणि दोन आठवडे सुखाचे गेले. मग एका उतारावर, जिथे रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा आहेत, मागची बाजू हळूहळू खाली बसत गेली आणि धाडकन बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आदळली. स्प्रिंग जास्त नरम झाली असं वाटून मी जवळजवळ २५० पाउंडाची मागवणारच होतो. थांबलो ते शॉकअपच्या दांड्याला, तो कुठपर्यंत दबतो ते दिसावं म्हणून, केबल टाय बांधून ठेवला होता म्हणून. एकट्या मोठ्या खड्ड्यावर टाय अर्ध्यापर्यंतच जायचा, लाटांवर मात्र शेवटपर्यंत. म्हणजे स्प्रिंगला एकेक दणका झेपत होता, पण दणक्यानंतर चाक वेळेत खाली परत येत नव्हतं. शॉकअप डोनरचेच होते. तो अडीचशे-एक किलोच्या कोपऱ्याला आणि कडक स्प्रिंगला आवरायला बनवलेला, नरम स्प्रिंग आणि हलक्या वजनाला तो फार जड पडतो. माझ्या आकड्यांत त्याची पकड मूळ गाडीच्या तुलनेत सुमारे १.४ पट निघाली. चाक वर जातं, परत यायला उशीर करतं, तेवढ्यात पुढची लाट येते, असं करत करत गाडी पायरी पायरीने खाली उतरते. स्प्रिंग बदलली की शॉकअप बदललाच पाहिजे, हे मी आता कुणालाही पहिल्याच फोनवर सांगतो. ॲडजस्ट होणारे घेतले, सगळ्यात नरम सेटिंगपासून सुरुवात केली, चौथ्या क्लिकवर थांबलो.

मग आलं चौथं रूप, आणि ह्याने मला सगळ्यात जास्त छळलं. उंची टिकेना. शनिवारी कॉलर फिरवून उंची जुळवायची, आणि काही काम काढून परत बसवलं की पुढच्या शनिवारी ८-१० मिमी वेगळी. कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर झुकाव) बदलला की मागचा टायर एका कडेने खायला लागतो, म्हणून परत कॉलर, परत मोजमाप. इथे तो मोबाइलवरचा २.२ आठवला. स्प्रिंगपेक्षा जास्तीचा थोडासा कडकपणा कुठून तरी येत होता. तो येत होता आर्मच्या बूशमधून. हे बूश म्हणजे आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कवच आणि मध्ये दोघांना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला पकडते आणि मग आर्म हलेल तेव्हा रबर पिळतं, ते घसरत नाही. आणि मी बोल्ट कधी आवळत होतो, तर गाडी स्टँडवर असताना, चाकं लोंबलेली असताना, कारण पाना तेव्हाच सहज बसतो. म्हणजे गाडी जमिनीवर आली की चारही बूश पिळलेले, तेच गाडीला वर ढकलत राहणार, आणि किती ढकलणार ते त्या दिवशी आर्म कुठे लोंबत होता त्यावर. जड सिएरामध्ये हे फारसं कळलं नसतं, हलक्या गाडीत कळतं. शिवाय असं पिळलेलं रबर लवकर फाटतं.

उपाय साधा आहे. बोल्ट फक्त हाताने लावा, गाडी खाली उतरवा, सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवा, चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवून खाली शिरायला जागा करा, गाडी दोनचारदा झुलवा आणि मग त्या उंचीवर टॉर्क पान्याने आवळा. गाडी चारही चाकांवर ठोकळ्यांवर पक्की असल्याशिवाय खाली जायचं नाही, आणि कुणीतरी बाहेर उभं असू दे. ह्यानंतर उंची हललेली नाही.

कॅम्बर-टोबद्दल थोडक्यात. सेमी-ट्रेलिंग आर्ममध्ये उंची हाच कॅम्बर असतो. आर्म तिरक्या रेषेवर फिरतो म्हणून गाडी वर गेली की चाकाचा माथा बाहेर (अधिक अंश), खाली आली की आत (उणे अंश). माझी गाडी सुरुवातीला ३५-एक मिमी उंच होती तेव्हा मागे डावीकडे अधिक ०.९ आणि उजवीकडे अधिक ०.७ अंश होता, आणि वळणात ॲक्सिलरेटर सोडल्यावर वजन पुढे जाऊन मागची बाजू आणखी उचलली जायची, म्हणजे जिथे पकड हवी तिथेच टायर कडेवर उभा. बीएमडब्ल्यूची ई३० किंवा जुनी पोर्श ९११, ह्याच जातीची मागची बाजू असलेल्या गाड्यांच्या ह्या सवयीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. म्हणून आधी उंची, मग कॅम्बर. उंची बरोबर करूनही अंश-दीड अंश उरला तर चासीवरच्या ब्रॅकेटची भोकं लांबट करून आणि वर वॉशर वेल्ड करून पिवट, म्हणजे आर्म फिरतो तो बोल्ट, सरकवता येतो. बाहेरचा पिवट वर उचलला की चाकाचा माथा आत झुकतो, पुढे सरकवला की टो-इन, म्हणजे चाकांची पुढची कड आत वळलेली असणं, वाढतो. दोन पिवटमध्ये ४०० मिमी अंतर धरलं तर ५ मिमी सरकवल्याने ०.७ अंश बदलतो, म्हणजे टोसाठी हे माप प्रचंड आहे, तिथे मिलिमीटर-मिलिमीटरने जा. बाजूने दोरी ताणून मोजलं तरी पुरतं.

आणखी दोन गोष्टी ज्या मी खरं तर सगळ्यात आधी बघायला हव्या होत्या. टायरमधली हवा, डोनरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे २८-३० पीएसआय भरू नका, एवढ्या हलक्या गाडीला १८ ते २० पुष्कळ होते, फुकटात अर्धा दणका जातो. आणि मागचा अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारी सळई) डोनरमध्ये असेल तर आधी तो काढून चालवून बघा, माझ्यात होता, काढल्यावर एका चाकाचा धक्का दुसऱ्याला जायचा थांबला, परत लावायची गरज पडली नाही.

एक दुखणं मात्र स्प्रिंग-शॉकअपने जात नाही. मूळ गाडीत स्प्रिंगच्या वरचं वजन खालच्याच्या सहापट होतं, माझ्यात ते चारपटच आहे, कारण हब-ड्रम-आर्म तेच राहिले. जड चाक उसळलं की हलक्या गाडीला ते जाणवणारच. लोखंडी रिम काढून हलके अलॉय लावले, चार भोकांचं १०८ मिमीचं माप असल्याने सहज मिळाले, प्रत्येक चाकामागे साडेतीन किलो गेले. ड्रमचं वजन कमी करायचं ठरवलंय पण ब्रेकचा पुढचा-मागचा समतोल परत तपासल्याशिवाय त्याला हात लावणार नाही.

सध्या कॅम्बर डावीकडे उणे ०.८, उजवीकडे उणे ०.९, टो-इन दोन्हीकडे दीड मिमी, दहा हिसके सहा सेकंदांच्या थोडं वर. तोच लाटांचा उतार गेल्या रविवारी पावसात उतरलो, केबल टाय दोन-तृतीयांशावर थांबला. तुमच्याकडे ह्याच गाडीचं सस्पेन्शन असेल आणि चारही चाकांची वजनं, मोशन रेशो आणि झुलण्याचा व्हिडिओ एवढं असेल तर पाठवा, स्प्रिंगचा आकडा आपण मिळून काढू. वजनं नसतील तर आधी काटे आणा.